दातांचे कवच कच्चे असेल तर

आमच्या शाळेत नववीच्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर सुरेख, गणितात पक्की, पण तोंडी परीक्षेत गप्प. हसू आले की तळहात आधी तोंडावर जायचा. जानेवारीत खानदेशात गारठा वाढतो, त्या दिवसांत ती शाळेच्या टाकीचे पाणी पीत नसे. घरून बाटलीत कोमट पाणी आणत असे. मधल्या सुटीत दादरची भाकरी दुधात नाहीतर वरणात कुस्करून खायची. तिचे दात पिवळसर तपकिरी, खरखरीत आणि कडांना झिजलेले होते. एकदा मी सगळ्यांदेखत म्हणालो, ‘‘अगं, दात घासत जा जरा.’’ ती काही बोलली नाही. त्यानंतर कित्येक महिने तिने माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही.

माझे ते वाक्य चुकीचे होते, हे मला पुढे कळले. ती दात घासत नव्हती असे नव्हते. तिच्या दातांवरचे कवच मुळातच कच्चे होते आणि ब्रश लावला की कळ जायची. अशी एक-दोन मुले बहुतेक शाळांत सापडतील. त्यांच्याकडे ‘अस्वच्छ’ म्हणून पाहण्याआधी दाताच्या कवचाबद्दल आपण शिक्षकांनी थोडे जाणून घेतलेले बरे. इयत्ता नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनाही हा मजकूर वाचायला द्यायला हरकत नाही. यात रसायनशास्त्र आहे, आनुवंशिकता आहे आणि थोडे भूगर्भशास्त्रही आहे.

दाताचा जो भाग आपल्याला दिसतो त्याच्यावरचे पांढरे, चकचकीत आवरण म्हणजे इनॅमल, मराठीत दंतवल्क. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. उरलेले पाणी आणि थोडी प्रथिने. हे खनिज म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा हायड्रॉक्सिॲपेटाइट हा स्फटिक. दंतवल्काच्या खाली दंतिन असते, त्यात खनिज सुमारे ७० टक्के. दंतिनात अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्या आतल्या मगजापर्यंत, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्या असतात तिथपर्यंत पोचतात. दंतवल्काला स्वतःला संवेदना नसते. ते पातळ झाले किंवा उडाले की दंतिन उघडे पडते, नळ्यांतला द्रव थंडीने वा गोडाने हलतो आणि कळ थेट मगजात जाते. दात शिवशिवतात ते यामुळे.

दाढेच्या उंचवट्यावर दंतवल्काची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर असते आणि हिरडीजवळ तर ते पातेल्याच्या काठासारखे पातळ होत जाते. एवढ्या थरावर आयुष्यभराचे चावणे चालते.

आता खरी अडचण. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरून येते. दंतवल्काचे तसे नाही. दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच खास पेशींचा एक थर दंतवल्क घडवतो. आधी या पेशी प्रथिनांचा एक मऊ साचा घालतात, त्यात स्फटिकांचे बीज धरते, मग त्याच पेशी प्रथिने हळूहळू काढून घेतात आणि रिकाम्या जागी खनिज भरत जाते. घराचा स्लॅब टाकताना आधी फळ्या ठोकतात, काँक्रीट ओततात आणि मग फळ्या काढतात, काहीसा तसाच प्रकार. काम संपले की दात हिरडीबाहेर येता येता या पेशी नाहीशा होतात. म्हणजे गवंडी काम संपवून गाव सोडून गेलेला असतो. पुढे भिंतीला तडा गेला तर बोलावणार कोणाला?

लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट स्फटिकांतून निघून गेलेले खनिज काही प्रमाणात परत भरतात, हे खरे. पण जो थर उडाला, किंवा जो कधी नीट बनलाच नाही, तो परत येत नाही. ‘इनॅमल पुन्हा बनवणारी’ म्हणून जाहिरात होणाऱ्या पेस्टकडे या दृष्टीने पाहावे. त्या फार तर मऊ झालेला पृष्ठभाग थोडा घट्ट करतात.

कोणता दात केव्हा घडतो याचे वेळापत्रक ठरलेले आहे. सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेचे दंतवल्क बाळाच्या जन्माच्या सुमारास धरू लागते आणि तीन वर्षांचे होईपर्यंत पुरे होते. वरचे मधले पटाशीचे दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत घडतात. बाराव्या वर्षी उगवणारी दुसरी दाढ अडीच-तीन वर्षांपासून सात-आठ वर्षांपर्यंत. त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडात पाहणे म्हणजे त्याच्या बालपणाची वही उघडणे. कोणत्या वर्षी काय बिघडले ते दातांवर लिहिलेले असते आणि ते कोणाला खोडता येत नाही.

पुरातत्त्वज्ञ याचा उपयोग करून घेतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत लहान मुलांची अनेक दफने मिळाली. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाच आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरील दंतवल्कातले खड्डे मोजून त्यांच्या आहाराचा आणि आजारपणाचा अंदाज बांधला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या मुलांच्या आजारपणाची दुसरी कसलीही नोंद नाही, दातांची आहे.

तर पुन्हा आमच्या वर्गाकडे. त्या मुलीचे दात पाहून गावात प्रत्येकाचे निदान तयार होते, ‘बोअरचे पाणी’. खानदेशात दातांच्या तक्रारींचे खापर नेहमी पाण्यावर फुटते. ते कधी खरे असते, कधी नसते, म्हणून इथे थोडे थांबू.

भांड्याला पांढरा थर धरणारे, डाळ न शिजू देणारे जड पाणी दात खराब करते अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. जडपणा म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार, त्यांनी दंतवल्काचे काही बिघडत नाही. दाताला डाग पाडणारा पदार्थ वेगळा, फ्लोराइड. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. गंमत अशी की पाण्यात कॅल्शियम भरपूर असले तर ते फ्लोराइडशी संयोग पावून कॅल्शियम फ्लोराइड बनते, ते पाण्यात फारच थोडे विरघळते आणि फ्लोराइड कमी राहते. उलट कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त असलेल्या, जिभेला ‘हलके’ लागणाऱ्या पाण्यात फ्लोराइड चढू शकते. म्हणजे चवीवरून केलेला न्याय बरेचदा उलटा निघतो.

महाराष्ट्रात फ्लोराइडचा त्रास प्रामुख्याने ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत, चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या भागांत, आढळतो. आपल्याकडे खाली बेसाल्ट आणि तापीकाठी गाळाचे जाड थर. तरीही केंद्रीय भूजल मंडळाने काही ठिकाणी लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड सापडलेल्या जिल्ह्यांची यादी दिली होती, तीत धुळ्याचे नाव आहे. तेव्हा ‘आपल्याकडे नसते’ असे म्हणून सोडून देऊ नये. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत.

हा शोध कसा लागला ती कथा वर्गात सांगण्यासारखी आहे. फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य १९०१ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आला, तेव्हा तिथल्या मुलांचे तपकिरी ठिपक्यांचे दात पाहून चकित झाला. तीस वर्षे तो या कोड्यामागे होता. पाण्यात काहीतरी आहे इथपर्यंत तो पोचला, पण काय ते सापडेना. शेवटी १९३१ मध्ये ॲल्युमिनियमच्या एका कंपनीतला रसायनशास्त्रज्ञ चर्चिल याने पाण्यातले फ्लोराइड मोजले आणि उलगडा झाला. मॅकेने आणखी एक गोष्ट पाहिली होती, या डागाळलेल्या दातांना कीड कमी लागते. आजच्या टूथपेस्टमधले फ्लोराइड त्या निरीक्षणातून आले.

फ्लोरोसिसचे डाग ओळखायला काही खुणा आहेत. एकाच काळात घडलेल्या डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर ते सारखेच असतात, आडव्या धूसर रेषांसारखे दिसतात, आणि एकाच स्रोताचे पाणी प्यालेल्या, त्याच गावात वाढलेल्या पुष्कळ मुलांत सापडतात. दुधाचे दात बहुधा बरे असतात, कारण ते बरेचसे गर्भातच घडतात. इथेच आमच्या गावचे निदान अडखळले. त्याच पाण्यावर वाढलेल्या तिच्या वर्गमैत्रिणींचे दात स्वच्छ होते. ग्रामपंचायतीकडून पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवला, तर फ्लोराइड मर्यादेच्या आत. आणि तिच्या आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘दूधना दात बी आसाच व्हतात, सर.’’

हे वाक्य निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे ठरले.

दंतवल्क कच्चे राहण्याचे आणखी एक, आणि फ्लोरोसिसपेक्षा बऱ्याच भागांत अधिक आढळणारे, कारण आहे. त्यात फक्त पहिल्या चार दाढा आणि कधीकधी पटाशीचे दात बिघडतात. सहाव्या वर्षी दाढ येते तीच मळकट पिवळी, खडूसारखी, आणि चावता चावता तिचे तुकडे पडतात. २००१ साली या विकाराला स्वतंत्र नाव मिळाले. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर शंभरातल्या तेरा-चौदा मुलांत तो कमी-अधिक प्रमाणात दिसतो. पहिल्या तीन वर्षांतले आजार, वारंवार येणारा ताप, अपुऱ्या दिवसांचा जन्म यांच्याकडे बोट दाखवले जाते, पण एकच एक कारण निश्चित झालेले नाही. पालकांना वाटते, दाढ आली नि लगेच किडली, पोराने चॉकलेटे खाल्ली असणार. बिचाऱ्या पोराचा त्यात काही दोष नसतो.

आमच्या विद्यार्थिनीचे सगळेच दात बिघडलेले होते, दुधाचेही तसेच होते. वडिलांचे दात चाळिशीतच खुंटासारखे झालेले; घरात त्याचा दोष तंबाखूला दिला जाई. धाकट्या बहिणीचे दात हिच्यासारखेच, मधल्या भावाचे मात्र धड. हा आनुवंशिक प्रकार. दंतवल्क घडवणाऱ्या प्रथिनांची किंवा ती प्रथिने वेळेवर काढून घेणाऱ्या विकरांची जनुके सदोष असतात. काहींत थर पातळ बनतो, काहींत जाडी पुरेशी पण मऊ, काहींत प्रथिने आतच अडकून राहतात. तो विरळा आहे. उत्तर स्वीडनमधल्या एका पाहणीत सुमारे सातशे माणसांमागे एक, तर अमेरिकेतल्या जुन्या पाहणीत चौदा हजारांमागे एक, इतका फरक ठिकाणाठिकाणी पडतो. नात्यात लग्ने होत असलेल्या घराण्यांत याचे अप्रभावी प्रकार दिसण्याची शक्यता वाढते.

या जनुकांपैकी एक एक्स गुणसूत्रावर आहे. बाप बाधित असेल तर त्याचे एकमेव एक्स प्रत्येक मुलीला मिळते, मुलाला मिळत नाही. म्हणजे सगळ्या मुली बाधित आणि सगळे मुलगे सुटलेले. या कुटुंबाचे चित्र नेमके तसे होते. पण घाई करू नये. साधा प्रभावी दोष दुसऱ्या एखाद्या गुणसूत्रावर असता तरी तीन मुलांत हेच चित्र निघण्याची शक्यता एक अष्टमांश आहे, आणि ती काही नगण्य नाही. हा हिशेब दहावीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावा. आणखी एक धागा होता, तिच्या दातांवर उभ्या पन्हळी होत्या. मुलींच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स निष्क्रिय असते, म्हणून दंतवल्कात चांगल्या आणि सदोष पेशींचे पट्टे आलटून पालटून पडतात. तिरंगी मांजरीच्या अंगावर ठिपके का असतात त्याचे कारणही हेच.

हे सगळे मला धुळ्याच्या दंत महाविद्यालयात कळले. त्याआधी एका ठिकाणी तिच्या वडिलांना सल्ला मिळाला होता, ‘‘सगळे दात काढून कवळी बसवून टाका, लग्नापर्यंत निभावेल.’’ चौदा वर्षांच्या मुलीला! दात काढले की जबड्याचे हाड झिजत जाते आणि या वयात जबडा अजून वाढत असतो. मी वडिलांना म्हणालो, ‘‘दादा, काही काढण्याआधी एकदा धुळ्याला दाखवू.’’ पारोळ्याहून एसटीने आम्ही चौघे गेलो.

तिथल्या मॅडमनी आधी तोंड तपासले, क्ष-किरण चित्रे काढली आणि मग जे सांगितले त्याचा क्रम मला फार पटला. समोरच्या दातांचे रूप ही मुलीची मुख्य तक्रार, पण सुरुवात त्यापासून करायची नाही. आधी ठणका थांबवायचा, मग मागच्या दाढा वाचवायच्या, मग समोरचे दात. कायमचे काम वयाच्या अठरा-वीस वर्षांनंतर.

ठणक्यासाठी प्रथम दातांवर साचलेले किटण काढले. दुखते म्हणून घासले जात नाही, घासले जात नाही म्हणून किटण चढते, हिरड्या सुजतात, आणि घासणे आणखी दुखते. हे चक्र तोडल्याशिवाय पुढचे काही टिकत नाही. मग दातांवर फ्लोराइडचे वार्निश लावले. यात पाच टक्के सोडियम फ्लोराइड असते, थर लावायला दोन-तीन मिनिटे लागतात आणि तीन ते सहा महिन्यांनी तो पुन्हा द्यावा लागतो. पाण्यातले फ्लोराइड वाईट आणि हे चांगले कसे, असा प्रश्न वडिलांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. दात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, पोटात गेलेले जादा फ्लोराइड दंतवल्क घडवणाऱ्या पेशींचे काम बिघडवते. दात उगवल्यावर वरून लावलेले फ्लोराइड स्फटिकातल्या हायड्रॉक्सिलची जागा घेते आणि तयार होणारा फ्लोरॲपेटाइट आम्लात कमी विरघळतो. पदार्थ तोच, वेळ आणि वाट वेगळी. घरी वापरायला मऊ ब्रश, कोमट पाणी आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा दहा लाखांत एक हजार भाग आहे आणि ट्यूबवर आकडा छापावा लागतो. घासून झाल्यावर थुंकावे, पण लगेच खळखळून चूळ भरू नये, म्हणजे थोडे फ्लोराइड दातांवर राहते. शिवशिव कमी करणाऱ्या पोटॅशियम नायट्रेटच्या पेस्टही मिळतात. त्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे जातात. दुधातल्या केसीनपासून बनवलेले एक मलमही सुचवले जाते. मात्र दुधाची ॲलर्जी असेल तर ते चालत नाही, आणि ते महागही आहे.

दाढांसाठी पोलादी टोप्या. तयार मापाच्या, बिनगंजाच्या पोलादाच्या या टोप्या दाढ फारशी न कोरता बसवता येतात. दिसायला त्या चांदीच्या दातासारख्या. मुलगी रडवेली झाली. मॅडम म्हणाल्या, ‘‘बाळा, मागच्या दाढा कुणाला दिसतात? आणि या घातल्यास की भाकरी चावता येईल.’’ दाढांची उंची झिजत गेली तर वरचा-खालचा जबडा जास्त मिटतो आणि पुढे समोरच्या दातांना टोप्या बसवायला जागाच उरत नाही. म्हणून दाढा आधी. ज्यांच्या फक्त पहिल्या दाढा बिघडलेल्या आहेत आणि फारच फुटल्या आहेत, अशा मुलांत त्या दाढा आठ ते दहाव्या वर्षी मुद्दाम काढल्या तर मागची दुसरी दाढ पुढे सरकून जागा बऱ्याच अंशी भरून काढते. पण ही संधी त्या दोन-तीन वर्षांचीच असते, म्हणून प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांच्या नजरेला महत्त्व आहे.

हिरडीलगतच्या उघड्या भागांवर ग्लास आयोनोमर सिमेंट भरले. लंडनमध्ये ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी तयार केलेल्या या सिमेंटची माहिती १९७२ साली प्रसिद्ध झाली. काचेची पूड आणि एक सेंद्रिय आम्ल यांच्या संयोगाने ते घट्ट होते, दातातल्या कॅल्शियमला रासायनिक बंधाने चिकटते आणि हळूहळू फ्लोराइड सोडत राहते. फार मजबूत नाही, पण कच्च्या दातावर गुणी.

समोरचे सहा दात मात्र दाताच्या रंगाच्या राळेने, म्हणजे कंपोझिटने मढवले. दंतवल्कावर फॉस्फोरिक आम्ल काही सेकंद लावले की त्यात सूक्ष्म खाचा पडतात, राळ त्यांत शिरते आणि निळ्या प्रकाशाने कडक होते. आम्लाने खाचा पाडण्याची युक्ती १९५५ सालची, बुओनोकोर या दंतवैद्याची. पण ती पक्क्या दंतवल्कासाठी आहे. कच्च्या दंतवल्कावर पकड कमी बसते, राळेचे तुकडे निघतात, पुन्हा लावावे लागतात. मॅडमनी हे आधीच स्पष्ट सांगितले, ते बरे झाले.

मग चिनी मातीच्या किंवा झिर्कोनियाच्या पक्क्या टोप्या आताच का नकोत? त्यासाठी दात चोहोबाजूंनी कोरावा लागतो. किशोरवयात आतला मगज मोठा असतो, कोरताना तो उघडा पडण्याची भीती असते. मग रूट कॅनाल आलेच. शिवाय हिरडी अजून मागे सरकत असते. आज हिरडीला भिडवलेली टोपी चार वर्षांनी उघडी पडते. तेव्हा थांबणे हाही उपचारच.

सौम्य फ्लोरोसिसच्या पांढऱ्या डागांना मात्र इतके करावे लागत नाही. वरचा अगदी पातळ थर सौम्य आम्ल आणि बारीक भुकटीने घासून काढला तरी पुष्कळ फरक पडतो. दुसरी एक रीत गेल्या पंधरा-सोळा वर्षांत आली आहे, डागाच्या छिद्रांत पातळ राळ मुरवण्याची. भज्यांचा कागद तेलाने पारदर्शक होतो ना, तेच तत्त्व. कागदाच्या धाग्यांमधली हवा जाऊन तेल आले की प्रकाश विखुरत नाही. दंतवल्काचा अपवर्तनांक १.६२, हवेचा १ आणि राळेचा सुमारे १.५२. छिद्रांत हवेऐवजी राळ आली की पांढरा डाग दिसेनासा होतो. खोल तपकिरी डागांवर याचा फारसा उपयोग नाही. आणि दात पांढरे करणारी ब्लीचची रसायने कच्च्या, शिवशिवणाऱ्या दातांना, तीही या वयात, लावू नयेत.

आता थोडे घरगुती उपायांबद्दल. पिवळे दात पाहिले की आपल्याकडे राखुंडी, मीठ-लिंबू, कोळशाची पूड, गेरूचे लाल मंजन सुचवले जाते. पक्क्या दातालाही हे खरखरीत पदार्थ झिजवतात; कच्च्याला तर ते कानशीच. मिश्रीचा प्रश्न वेगळाच, तो तंबाखू आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ साली बंदी झाली, तरी घरात तव्यावर भाजलेली मिश्री आजही चालते आणि दात शिवशिवणाऱ्या मुलींना ‘बधिर होतात’ म्हणून आजीच ती देते. बधिरपणा येतो हे खरे, व्यसनही लागते.

आंबटाचे काय? लाळेचे सामू साडेपाचच्या खाली गेले की दंतवल्क विरघळू लागते. लिंबाच्या रसाचे सामू दोन ते अडीच, कोलापेयांचेही अडीचच्या आसपास. चिंच, कैरी यांनी दात आंबतात ते उगीच नव्हे. मेहरूणची बोरे खाऊ नका असे मी जळगाव जिल्ह्यातल्या मुलांना सांगणार नाही, सांगूनही उपयोग नाही. पण दिवसभर चघळत बसण्यापेक्षा एकदाच खावे, वर साधे पाणी प्यावे आणि त्यानंतर अर्धा तास ब्रश लावू नये, कारण तेवढ्या वेळात लाळ पृष्ठभाग सावरते. ताकही आंबटच, सामू साडेचारच्या आसपास, तरी ते दंतवल्क खात नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके असते की दातातून आणखी बाहेर पडायला वावच नसतो.

हे प्रयोगाने पाहता येते. पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करा आणि वीस मिनिटे पाण्यात उकळून घ्या. प्रत्येक दाताच्या अर्ध्या भागाला नेलपॉलिश लावून वाळू द्या. एक दात लिंबाच्या रसात, एक कोलापेयात, एक ताज्या ताकात, एक साध्या पाण्यात दोन दिवस ठेवा. ताक रोज बदला. नंतर पॉलिश काढून भिंगातून पाहा आणि टाचणीने हलकेच ओरखडा काढा. लिंबातल्या दातावर झाकलेला आणि उघडा भाग यांत पायरी पडलेली दिसेल, आणि उघड्या भागावर टाचणी रुतेल. अंड्याच्या कवचावर हाच प्रयोग पुस्तकांत दिलेला असतो, पण ते कवच कॅल्शियम कार्बोनेटचे, दात ॲपेटाइटचा, हे मुलांना सांगायला विसरू नये.

फ्लोराइड असलेल्या गावांसाठी एक सूचना. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने बसवली आहे. आरओ यंत्रानेही जाते. त्याहून बरे म्हणजे जवळ उथळ विहीर असेल तर तिचे पाणी तपासून घेणे. आणि हे आठ वर्षांखालच्या मुलांसाठी आधी करावे, कारण मोठ्यांच्या दातांचे व्हायचे ते होऊन गेलेले असते, हाडांचे मात्र राहिलेले असते.

खर्चाची चिंता प्रत्येक पालकाला असते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळेत वर्षातून एकदा तपासणी होते, त्यात दातही पाहिले जातात आणि पुढे जिल्हा रुग्णालयाकडे पाठवता येते. तपासणीचे पथक शाळेत येईल त्या दिवशी वर्गशिक्षकाने तीन गोष्टी लिहून द्याव्यात: सगळे दात तसे आहेत की ठरावीकच, दुधाचे दात कसे होते, आणि घरात आणखी कोणाचे तसे आहेत का. पथकाकडे एका मुलासाठी दोन-तीन मिनिटे असतात. या तीन ओळी नसतील तर कार्डावर ‘दंतक्षय’ एवढेच लिहिले जाते. तिच्या कार्डावर दोन वर्षे तेच लिहिलेले होते.

आम्हाला धुळ्याला आठ खेपा घालाव्या लागल्या, पहिल्या दोन मी रजा काढून गेलो, नंतर ती आईबरोबर जाऊ लागली. चौथ्या खेपेनंतर तिने टाकीचे पाणी प्यायला सुरुवात केली. धाकट्या बहिणीच्या दाढांना वेळेवर टोप्या बसल्या, त्यामुळे तिच्या दाढांची उंची शाबूत आहे. वडिलांनी स्वतःचे दात दाखवायला अजून होकार दिलेला नाही.

दहावीत आनुवंशिकतेचा धडा घेताना मी फळ्यावर एक्स-वायचा तक्ता काढला. मागून हात वर आला. ‘‘सर, मला मुलगा झाला तर?’’ वर्ग हसला, तीही हसली, हात तोंडावर न नेता. तिच्या दोन एक्सपैकी एकच सदोष असेल तर निम्मी शक्यता, असे मी सांगितले, आणि मुलात एकच एक्स असल्याने दोष जास्त ठळक दिसेल हेही. तिने ते वहीत उतरवून घेतले.

आता ती अकरावीत आहे. समोरच्या एका दाताची राळ दोनदा निघाली, दोन्ही वेळा पुन्हा लावली. पुढची तारीख दिवाळीच्या सुटीत आहे.